पूर्वनियोजन म्हणजे ललाटलेख नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांत गेले काही दिवस नशीब आणि प्रयत्न यांवर चर्चा चालू आहे. त्यातल्या एका पत्रात जाता जाता असे म्हटले होते की, ख्रिस्ती धर्मात कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवाने आधीच लिहून ठेवलेले असते, मग ही मंडळी प्रार्थना तरी कशाला करतात? पत्रलेखकाचा हेतू वाईट नव्हता. हाच समज ख्रिस्ती घरांतही सर्रास आढळतो, आणि त्याने माणसांचे खरोखर नुकसान होते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत. आम्ही ठाणे आणि वाशी-नेरूळ भागात मराठीतून बायबलचे अभ्यासवर्ग घेतो. आमच्यात कॅथलिक आहेत, सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे आहेत, मेथडिस्टही आहेत. देवाचे नेमणे आणि माणसाची मोकळीक यांचा मेळ नेमका कसा बसतो, यावर आमच्यातच एकमत नाही. पण पूर्वनियोजन, म्हणजे देवाने आधी नेमून ठेवणे, हा ललाटलेख नव्हे, याबद्दल आमच्यात तिळमात्र दुमत नाही.

घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. वर्तमानपत्रात या शिकवणीसाठी 'नियती' किंवा 'दैववाद' असे छापून येते. 'नियती' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बाळाच्या पाचवी-सहावीचा कोरा कागद, लेखणी आणि रात्री येऊन कपाळावर लिहून जाणारी सटवाई उभी राहते. कधी नोकरी लागणार, कोणाशी लग्न होणार, कशाने मरण येणार, सगळे त्या एका रात्रीत लिहून मोकळे. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे तो 'प्रोओरिझो'. 'प्रो' म्हणजे आधी, 'ओरिझो' म्हणजे हद्द आखणे. शेतकऱ्याने पेरणीपूर्वी बांध घालून घ्यावा, त्यातला हा शब्द. मराठी बायबलात त्यासाठी 'आधी नेमणे' अशा धर्तीचे शब्द येतात, आणि ते चांगले आहेत. नेमणूक होते ती एखाद्या कामासाठी, एखाद्या पदासाठी. कपाळावर लिहिले जाते ते मात्र घडणाऱ्या घटनांबद्दल असते. दोन्हींचा पोत वेगळा आहे.

हे क्रियापद नव्या करारात एकूण सहा वेळा येते. सहाही जागा ज्याने त्याने उघडून पाहाव्यात, अर्धा तासही लागत नाही. प्रेषितांची कृत्ये ४:२८ (अध्याय ४, वचन २८) मध्ये ते येशूच्या वधाबद्दल आहे. रोमकरांस पत्र ८:२९ आणि ८:३० मध्ये विश्वासणाऱ्यांनी देवाच्या पुत्रासारखे व्हावे, यासाठी नेमणे आहे. करिंथकरांस पहिले पत्र २:७ मध्ये देवाच्या गुप्त ज्ञानाबद्दल. इफिसकरांस पत्र १:५ मध्ये दत्तक मुले होण्यासाठी, आणि १:११ मध्ये वारशासाठी. या सहांपैकी एकाही ठिकाणी कोणाला नरकासाठी नेमले असे हे क्रियापद म्हणत नाही. कोणाचा आजार, कोणाचे लग्न, कोणाची परीक्षा किंवा कोणाचा अपघात यांच्याबद्दलही ते एकदाही आलेले नाही. इफिस १:११ मध्ये देव सर्व काही आपल्या संकल्पानुसार चालवतो असेही म्हटले आहे आणि सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेतले लोक त्यावर भर देतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तिथेही नेमणूक कशासाठी, तर वारशासाठी. माणसाने शेवटी कुठे पोहोचावे याची ती गोष्ट आहे.

ललाटलेखाशी जशी गल्लत होते तशीच प्रारब्धाशीही होते, आणि ती दोन्ही बाजूंवर अन्याय करणारी आहे. प्रारब्धाच्या कल्पनेत एक हिशेब आहे. मागचे कर्म, त्याचे संचित, त्यातले आता फळाला आलेले ते प्रारब्ध. जे वाट्याला आले ते आपल्याच करणीचे. रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचे म्हणणे याच्या अगदी उलट टोकाचे आहे. रोम ९:११ मध्ये तो मुद्दाम सांगतो की याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ जन्मलेही नव्हते, त्यांनी बरे-वाईट काही केलेही नव्हते, तेव्हाच देवाने आपली निवड केली. म्हणजे ही निवड कमाईवर नाही. आपल्याला हे पटो वा न पटो, पण कर्मफळ आणि ही निवड एकच आहेत असे म्हणणाऱ्याला दोन्ही समजलेली नाहीत.

आता पूर्वज्ञान. देवाला उद्याचे आजच ठाऊक आहे, मग मी उद्या वेगळे काय करणार, ही शंका वर्गात हमखास येते. तेराव्या शतकात कॅथलिक विचारवंत थॉमस अक्वायनसने यावर उंचावरून रस्ता पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले होते. आपल्याकडे ते पारसिकच्या डोंगरावर उभे राहून समजून घेता येते. खाली ठाणे-बेलापूर रस्त्यावर चालणाऱ्या रिक्षावाल्याला मागून काय येते आहे ते दिसत नाही. डोंगरावरच्या माणसाला रबाळ्याची गाडी आणि तुर्भ्याची गाडी एकाच नजरेत दिसतात. त्याच्या दिसण्याने कोणत्याही गाडीचे स्टिअरिंग वळत नाही. देवाला काळ असा एकदम दिसतो, त्याच्या दृष्टीने 'आधी' कळणे असे काही नसतेच.

उदाहरण इथवर ठीक आहे. बरेच उपदेशक इथेच थांबतात आणि तिथेच चुकतात. डोंगरावरचा माणूस नुसता पाहणारा आहे. ख्रिस्ती श्रद्धेत देव नुसता पाहणारा नाही. रस्ता त्याचा, इंजिनातली आग त्याने दिलेली, चालवणाऱ्याचा श्वासही त्याच्याच आधाराने चालू. मग गाडी कुठे वळते यात त्याचा हात किती? खरा वाद इथून सुरू होतो, आणि तो सोळाशे वर्षे चालला आहे.

त्याची सुरुवात ऑगस्टीन (३५४-४३०) आणि पेलेजियस यांच्यापासून धरतात. माणूस आपल्या बळावर आज्ञा पाळू शकतो, कृपा ही मदतीपुरती, असा पेलेजियसचा सूर होता, तर कृपेशिवाय ते जमतच नाही असे ऑगस्टीनचे म्हणणे होते. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलेजियसचे म्हणणे नाकारले. ५२९ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेला ओरांजच्या परिषदेने विश्वासाचा पहिला अंकुरसुद्धा कृपेनेच फुटतो असे ठरवले. पण त्याच दस्तऐवजाच्या शेवटी, देवाच्या सामर्थ्याने काही जण वाईटासाठी नेमलेले आहेत असे जो मानील त्याचा स्पष्ट निषेध आहे. हे शेवटचे वाक्य लोक विसरतात. ऑगस्टीनची बाजू जिंकली ती या अटीसह.

पुढे सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात विद्वान इरॅस्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले आणि ल्यूथरने १५२५ मध्ये त्याला सडेतोड उत्तर दिले. बांधलेली इच्छा, असा ल्यूथरचा शब्द होता. पण या विषयाशी नाव जोडले गेले ते कॅल्व्हिनचे. काहींना जीवनासाठी आणि काहींना नाशासाठी देवाने नेमले, असे त्याने उघड शिकवले, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. आमच्यातले कॅथलिक आणि मेथडिस्ट ते मानत नाहीत. मात्र 'मग प्रार्थना कशाला' असे विचारणाऱ्याने एक गोष्ट पाहावी. त्याच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत पूर्वनियोजन तिसऱ्या भागाच्या एकविसाव्या ते चोविसाव्या प्रकरणांत येते. त्याच्या लगेच आधीचे विसावे प्रकरण, ग्रंथातल्या मोठ्या प्रकरणांपैकी एक, प्रार्थनेवर आहे. प्रार्थना शिकवून झाल्यावर मगच तो या विषयाला हात घालतो. ज्याने देवाकडे मागितले आणि ज्याला मिळाले, तोच नंतर मागे वळून म्हणतो की हे मागण्याची बुद्धीही मला दिलेलीच होती. हा क्रम उलटा केला, म्हणजे माणसाने आधी 'मी यादीत आहे का' असे विचारायला घेतले, की सगळे बिघडते. कॅल्व्हिन स्वतः त्याला चक्रव्यूह म्हणतो, ज्यात शिरलेल्याला बाहेरची वाट सापडत नाही.

नेदरलँड्समधली कॅल्व्हिनपंथीयांची डॉर्टची सभा नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ अशी चालली. निवडीबद्दल कॅल्व्हिनपंथाशी मतभेद असलेला डच धर्मपंडित आर्मिनियस १६०९ मध्ये वारला होता. त्याच्या अनुयायांनी १६१० साली पाच कलमे मांडली होती, त्यांना ही सभा उत्तर देत होती. योगायोग असा की त्याच सुमारास, १६१६ साली, इकडे गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापले गेले. युरोप निवडीच्या कलमांवर भांडत असताना मराठीत ख्रिस्ताची कथा ओव्यांत गायली जात होती. मराठी ख्रिस्ती माणसाची या विषयाशी ओळख त्या भांडणातून झालेली नाही, याचे आम्हाला समाधान वाटते.

पण भांडणाचे दोन्ही वारसे पुढे आपल्या दाराशी आले. १८२९ मध्ये मुंबईत आलेले मिशनरी जॉन विल्सन स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे कॅल्व्हिनला मानणाऱ्या परंपरेतले; वेस्टमिन्स्टरचा कबुलीजबाब हे तिचे श्रद्धापत्रक. मेथडिस्ट आले ते त्यांचा पंथ सुरू करणाऱ्या वेस्लीची शिकवण घेऊन. ती अशी की देवाची कृपा प्रत्येकाच्या मनात आधीच काम करीत असते, म्हणून प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणता येते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्यांत प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेची मंडळी होती, अँग्लिकन होती, बाप्टिस्ट होती, ब्रिटिश मेथडिस्टही होती. पूर्वनियोजनावर चारशे वर्षे भांडलेल्या परंपरा आज एकाच मेजावरून प्रभुभोजन घेतात. ज्यांना वाटते की ख्रिस्ती धर्माचे या बाबतीत एकच ठाम उत्तर आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

कॅथलिक मंडळीचे म्हणणे थोडक्यात असे. ट्रेंटच्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ च्या सहाव्या बैठकीत ठरवले की देवाने हलवलेली मानवी इच्छा त्याला होकार देते आणि हवे तर नकारही देऊ शकते, ती निर्जीव वस्तूसारखी पडून नसते. आजच्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या ६०० व्या परिच्छेदात देवाच्या पूर्वनियोजनात प्रत्येकाचा मोकळा प्रतिसाद धरलेला आहे असे म्हटले आहे. १०३७ व्या परिच्छेदात देव कोणालाही नरकासाठी नेमत नाही हे स्पष्ट आहे. कृपा आणि इच्छा नेमक्या कशा एकत्र काम करतात, यावर जेझुइट आणि डॉमिनिकन या दोन कॅथलिक धर्मसंघांचा इतका कडाक्याचा वाद झाला की १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी दोघांनाही एकमेकांना पाखंडी ठरवण्यास मनाई करून तो थांबवला. निकाल दिला नाही. तो आजही दिलेला नाही.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. वेस्टमिन्स्टरचा कबुलीजबाब कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या कडक दस्तऐवजांत गणतात. त्याच्या तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्याच कलमात, जे काही घडते ते देवाने ठरवले आहे, असे आहे. टीकाकार इथवर वाचून पुस्तक मिटतात. त्याच वाक्यात पुढे तीन अटी आहेत: देव पापाचा कर्ता नाही, माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही, आणि मधल्या कारणांचे, म्हणजे डॉक्टर, औषध, पाऊस, कष्ट, सावधगिरी यांचे स्वातंत्र्य काढून घेतले जात नाही, उलट ते पक्के केले जाते. ललाटलेखात मधल्या कारणांना किंमत नसते. काहीही करा, व्हायचे ते होणारच. इथे मधली कारणेच ठरलेल्या गोष्टीचा भाग आहेत. ती काढली तर ठरलेले उरतच नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ उघडावा. चेंदणी कोळीवाड्यात ज्यांच्या घरी होडी आहे त्यांना तो आमच्यापेक्षा चांगला कळेल. पौलाला कैदी म्हणून रोमला नेत आहेत. गव्हाने भरलेले गलबत क्रीटजवळ वादळात सापडते. गलबतावर २७६ माणसे. रात्री देवदूत पौलाला सांगतो की तुझ्याबरोबरचा एकही जीव जाणार नाही, गलबत तेवढे जाईल. पौल हे सर्वांना सांगतो. म्हणजे शेवट जाहीर झाला, ठरला.

चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची चाहूल लागते. बुडीद, म्हणजे खोली मोजायचा दोर, टाकून पाहतात तर वीस वाव पाणी. थोडे पुढे जाऊन पुन्हा टाकतात तर पंधरा वाव. खडकावर आदळण्याच्या भीतीने ते मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडण्याची वाट पाहतात. मग खलाशी एक डाव करतात. नाळीकडून नांगर टाकायचे निमित्त करून लहान होडी पाण्यात सोडतात, पळून जाण्यासाठी. पौल शताधिपतीला, म्हणजे शिपायांच्या रोमन अधिकाऱ्याला, म्हणतो: हे लोक गलबतावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापून टाकतात.

ही जागा सावकाश वाचावी. एकही जीव जाणार नाही, असे बाविसाव्या वचनात. खलाशी गेले तर तुम्ही वाचणार नाही, असे एकतिसाव्या वचनात. दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी, आणि दोन्ही खरे. ललाटलेखावर विश्वास असलेला माणूस म्हणाला असता, जाऊ द्या खलाशांना, वाचायचे असेल तर वाचूच. पौल तसे म्हणत नाही. उलट सर्वांना खायला लावतो, कारण चौदा दिवस पोटात अन्न नाही आणि पोहायला अंगात जोर लागेल. मग गहू समुद्रात टाकून गलबत हलके करतात. उजाडल्यावर ते वाळूत रुतते, मागचा भाग लाटांनी फुटू लागतो. कैदी पोहून पळतील म्हणून त्यांना मारून टाकण्याचा शिपायांचा बेत असतो, शताधिपती तो मोडतो. पोहता येणारे आधी उडी मारतात, बाकीचे फळ्यांवर आणि गलबताच्या मोडक्या तुकड्यांवर. सगळे किनाऱ्याला लागतात. देवाने दिलेले वचन असे पुरे झाले: कापलेल्या दोरांनी, खाल्लेल्या भाकरीने, एका अधिकाऱ्याच्या नकाराने आणि फळ्यांनी. यांतले एक जरी गाळले तरी कथा उभी राहत नाही.

रोमकरांस पत्राचा नववा अध्याय मात्र अवघड आहे, आणि बहुतेक गोंधळ तो एकटा वाचल्याने होतो. तो कधीही एकटा वाचू नये. नऊ, दहा, अकरा हे तीन अध्याय एका बैठकीत वाचावेत, मराठीत मोठ्याने वाचले तरी पाऊण तासाच्या आत होतात. पौलाचा प्रश्न असा आहे की इस्राएल लोकांनी मसीहाला, म्हणजे येशूला, नाकारले, तर देवाचे वचन फसले काय? याकोब-एसावचे वचन तो उत्पत्ती २५:२३ मधून घेतो, तिथे त्यांच्या आईला, रिबेकेला, सांगितले आहे की तुझ्या उदरात दोन राष्ट्रे आहेत. 'एसावाचा मी द्वेष केला' हे मलाखी १:२-३ मधले आहे, एसाव मरून शेकडो वर्षे झाल्यावरचे, त्याच्या वंशजांच्या देशाबद्दलचे. यावरून निवड फक्त राष्ट्रांची होती असा काही जण अर्थ लावतात. आमच्यातल्या सीएनआयच्या मंडळींना तो पुरेसा वाटत नाही, कारण पौल पुढे एकेका माणसाबद्दलही बोलतो. ते असो.

इस्राएल लोकांना सोडायला तयार नसलेल्या मिसरच्या राजाचे, फारोचे, मन देवाने कठीण केले, हेही तिथेच येते. बायबलातले निर्गम हे पुस्तक उघडून मिसरावर आलेल्या पीडांच्या क्रमाने पाहावे. पहिल्या पाच पीडांत कुठे फारोचे मन कठीण झाले असे आहे, कुठे फारोने ते स्वतः कठीण केले असे आहे. परमेश्वराने कठीण केले, असे प्रत्यक्ष घडल्याचे पहिल्यांदा सहाव्या, गळवांच्या पीडेत येते (९:१२). पण ४:२१ आणि ७:३ मध्ये देव हे आधीच सांगून ठेवतो. म्हणून आधी फारोने केले मग देवाने, असे गणित मांडून मोकळे होता येत नाही. मजकूर दोन्ही दोऱ्या हातात ठेवतो.

कुंभाराच्या दाखल्याचेही तसेच. मातीने कुंभाराला जाब विचारावा काय, असे पौल म्हणतो आणि ऐकणारा गप्प होतो. पण कुंभाराचाच दाखला असलेला यिर्मयाचा अठरावा अध्याय वाचला की चित्र बदलते. चाकावरचे भांडे कुंभाराच्या हातात बिघडते. तो माती फेकून देत नाही. तीच ओली माती गोळा करून पुन्हा चाकावर चढवतो. आणि लगेच देव म्हणतो की एखाद्या राष्ट्राचा नाश मी ठरवला आणि ते वाईटापासून वळले तर मीही वळेन. रोम ९ मध्ये एक बारकावा ग्रीकमध्येच दिसतो. दयेच्या पात्रांबद्दल, म्हणजे भांड्यांबद्दल, देवाने 'आधीच तयार केली' असे आहे, कर्ता देव. क्रोधाच्या पात्रांबद्दल 'नाशासाठी तयार झालेली' असे आहे, कोणी केली ते तिथे म्हटलेले नाही. आणि या तीन अध्यायांतला युक्तिवाद ११:३२ ला येऊन थांबतो, देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडले ते सर्वांवर दया करावी म्हणून. नवव्यावर थांबणारा या वचनापर्यंत कधी पोहोचतच नाही.

हे सगळे इतक्या तपशिलाने का लिहावे लागते, तर चुकीचा अर्थ घरात शिरतो तेव्हा तो फार महाग पडतो. आपल्याकडे निधनाच्या बातमीत 'देवाज्ञा झाली' असे छापतात. ख्रिस्ती घरांत 'प्रभूने बोलावून घेतले' म्हणतात. नव्वदीतल्या आजीबद्दल हे शब्द गोड आहेत. कळवा-मुंब्रा दरम्यान लोकलच्या दारातून पडलेल्या तरुणाच्या आईला हेच सांगितले, तर आपण देवाच्या हाती धक्का देऊन मोकळे होतो, आणि गर्दीची, फेऱ्यांची, दारात लटकण्याच्या नाइलाजाची चौकशी तिथेच संपते. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याची गोष्ट येते. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असे विचारून येशूच उत्तर देतो, नाही. त्यांची वेळ भरली होती असेही तो म्हणत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली. त्यांच्याबद्दल कोणी 'लिहिलेलेच होते' म्हणाले तर बायबल त्याला आधार देत नाही. उत्पत्ती ५०:२० मध्ये भावांनीच गुलाम म्हणून विकलेला योसेफ त्यांना म्हणतो की तुम्ही वाईट योजले, देवाने त्यातून चांगले योजले. देवाने चांगले केले म्हणून भावांचा गुन्हा पुसला जात नाही. कृत्ये २:२३ मध्ये तर एकाच वाक्यात दोन्ही आहेत: देवाच्या ठरलेल्या संकल्पाने येशू स्वाधीन केला गेला, आणि तुम्ही त्याला मारले.

दुसरी चूक आजारपणात होते. 'देवाने बरे करायचे ठरवले आहे, गोळ्या बंद करा' असे सांगणारे उपदेशक शहरात आहेत. मधुमेहाचे इन्सुलिन, फिटची गोळी, क्षयाचा औषधक्रम मध्येच सोडला तर काय होते ते कोणताही डॉक्टर सांगेल. विश्वासाच्या नावाने हे सांगणाऱ्याला यशया ३८ दाखवावा. आजारी हिज्कीया राजाला देव यशया संदेष्ट्याकरवी सांगतो की तुझे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवले आहे. याहून पक्के ठरलेले काय असणार? तरी एकविसाव्या वचनात यशया गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगतो. त्या काळचे ते औषध होते.

तिसरी चूक लग्न, नोकरी, घर यांत होते. 'देवाने तुझ्यासाठी हाच ठरवला आहे, मला दर्शनात दिसले' असे कोणी तिसराच सांगतो आणि मुलगी गप्प बसते. त्या सहा जागांपैकी एकीतही जोडीदार नेमल्याचे नाही, हे आधी लिहिलेच आहे. कोणाच्या दर्शनावरून सही करू नये, पैसे तर मुळीच देऊ नयेत. लग्नासाठी दोघांचीही मोकळी संमती लागते, जबरदस्तीची संमती कॅथलिक धर्मकायद्यात विवाहच अवैध ठरवते. देव ज्यांना जोडतो त्यांनाही वेदीपुढे 'हो' स्वतःच म्हणावे लागते.

सर्वांत नाजूक प्रश्न मात्र एकट्याने येऊन विचारला जातो. मी निवडलेला आहे का? नसेन तर? विचारणारा बहुधा अनेक रात्री झोपलेला नसतो. त्याला वाद ऐकवू नये. इथे एकमेकांशी भांडलेल्या परंपरा एकाच ठिकाणी येऊन थांबतात, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. ट्रेंटच्या त्याच निर्णयाच्या बाराव्या प्रकरणात म्हटले आहे की देवाच्या खास प्रकटीकरणाशिवाय कोण निवडलेला ते कोणालाच कळत नाही, म्हणून आपण निवडलेल्यांत नक्की आहोत असे कोणी उतावीळपणे गृहीत धरू नये. अँग्लिकन मंडळीच्या १५७१ च्या एकोणचाळीस कलमांतले सतरावे सांगते की नुसत्या उत्सुकतेने या विषयात डोकावणाऱ्याला सैतान निराशेत किंवा बेफिकिरीत ढकलतो. डॉर्टच्या पहिल्या विभागाच्या बाराव्या कलमात देवाची गुपिते उकरू नका, विश्वासाची फळे पाहा असे आहे, आणि सोळाव्यात ज्यांना अजून खात्री वाटत नाही त्यांनी घाबरून न जाता उपासना, वचन आणि प्रार्थना चालू ठेवावी असे आहे. कॅल्व्हिन म्हणतो की आपली निवड पाहायची तर ख्रिस्त हा आरसा आहे, त्यात पाहा. म्हणून त्या माणसाला यादीकडून उचलून ख्रिस्ताकडे न्यावे. 'मी निवडलेला आहे का' या प्रश्नाने जो हैराण आहे त्याला देवाची ओढ आहे, ही गोष्ट त्याला हळू आवाजात सांगावी. शिवाय त्याला झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे सोबत जावे. वचन आणि डॉक्टर यांत निवड करायची नसते.

तान्ह्या बाळाच्या मृत्यूबद्दलही एक वाक्य. डॉर्टसारख्या कडक सभेनेही सतराव्या कलमात लिहिले की विश्वासणाऱ्या आईबापांनी बालपणी गेलेल्या आपल्या मुलांच्या तारणाविषयी शंका घेऊ नये. निवडीची शिकवण त्या आईबापांना घाबरवण्यासाठी कोणी वापरीत असेल तर तो ज्या परंपरेचे नाव घेतो तिच्याच विरुद्ध बोलतो आहे.

राहता राहिला मूळ प्रश्न, प्रार्थना कशाला? योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशूचा मित्र लाजर मेला आहे. येशूला पुढे काय करायचे ते ठाऊक आहे, चौथ्या वचनातच त्याने ते सुचवले आहे. तरी कबरेकडे जाण्याआधी तो रडतो. कबरेजवळ पोहोचल्यावर लोकांना सांगतो, धोंड काढा. मग मोठ्याने प्रार्थना करतो, आणि त्यानंतरच लाजराला हाक मारतो. लाजर बाहेर आल्यावरही त्याच्या हातापायांच्या पट्ट्या सोडायचे काम त्याने लोकांवरच टाकले.

शेवटी आपल्याला विनंती. आपल्या पानांवर ख्रिस्ती श्रद्धेतल्या या शिकवणीचा उल्लेख येईल तेव्हा 'नियती' आणि 'दैववाद' हे शब्द टाळून 'पूर्वनियोजन' किंवा 'देवाची निवड' असे छापावे, आणि ते कोणत्या परंपरेचे मत आहे तेही लिहावे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. वाशी-नेरूळमध्येच मल्याळी ऑर्थोडॉक्स बांधव मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या पूर्वेकडच्या परंपरेत, देवाला सर्व आधी ठाऊक असते पण तो सर्वच आधी ठरवून टाकत नाही, असे शिकवत आले आहेत. त्यांच्या तोंडी कॅल्व्हिनचे मत घातले तर त्यांना वाईट वाटते, आणि ते रास्तच आहे.

आपले नम्र,
मराठी बायबल अभ्यासवर्गाचे काही शिक्षक,
ठाणे आणि नवी मुंबई